एका पाण्याची किती वीज होते?



आज डाळिंबाची नोंद नाही. तेल्याची नाही, फवारणीची पण नाही. आज विजेवर लिहितोय, आणि थोडं लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

निमित्त असं झालं. आखाडात आमच्या गावात कृषी महाविद्यालयाची पोरं-पोरी आली होती, कृषीदूत आणि कृषीकन्या. चांगली पोरं. माती परीक्षणाचे नमुने घेतले, बोर्डो मिश्रण करून दाखवलं, शाळेत झाडं लावली. जाताना ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक तक्ता लावून गेली. वर मथळा ‘नवीकरणीय ऊर्जा’ आणि खाली तीन रकाने: जलविद्युत, भरती-ओहोटी, भूगर्भातली उष्णता. जलविद्युतच्या खाली लिहिलं होतं, ‘यात पाणी खर्च होत नाही, फक्त वाहतं.’

त्या ओळीपाशी मी अडलो. पुस्तकात ओळ बरोबर आहे. टर्बाइनमधून जेवढं पाणी आत जातं तेवढंच बाहेर येतं, हे कुणीही मान्य करील. पण मी राहतो आटपाडी तालुक्यात. बाहेर पडलेलं पाणी पुढं कुठं जातं हा प्रश्न आमच्याकडं पहिला विचारतात.

एका पोराला म्हटलं, “बाळा, कोयनेचं पाणी वीज करून कुठं जातं?” तो म्हणाला, “नदीत.” म्हटलं, “कुठल्या?” त्याला सांगता आलं नाही. त्याची चूक नाही. मलाही हे नीट कळलं ते गेल्या मे महिन्यात.

माझी धाकटी बहीण चिपळूणजवळ असते. दाजी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. मे महिन्यात त्यांच्या घरी कार्य होतं, म्हणून आम्ही आटपाडीहून कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटानं खाली उतरलो. निघायच्या आदल्या रात्री माझा पंप दीड तास चालला आणि विहिरीनं हवा धरली. टेंभूचं आवर्तन अजून यायचं होतं. शेततळ्यात तळाला हिरवा गाळ तेवढा उरलेला. दोन एकर डाळिंबातली अर्धा एकर बाग मी त्याच उन्हाळ्यात मनातून सोडून दिली होती. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पाणी फक्त दीड एकराला देत होतो.

आणि चिपळूणला पुलावरून बघतो तर वाशिष्ठी वाहतेय. मे महिन्यात. कडेला गवत हिरवंगार, पोरं डुंबतायत.

मी गाडी थांबवून बघतच राहिलो. दाजी म्हणाले, “दादा, तुमच्या कृष्णेचंच पाणी आहे हे. वीज करून येतं. उन्हाळ्यात आमची नदी चालते ती ह्याच्यावर.”

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोयना नदी सह्याद्रीवरून पूर्वेला वाहते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिच्यावर देशमुखवाडीला धरण. साठा १०५ टीएमसीच्या वर. धरणाच्या पाठीमागं पश्चिमेला सह्याद्रीचा कडा, आणि कड्याखाली कोकण. इंजिनिअर लोकांनी डोकं लावलं आणि डोंगरातून बोगदे काढून पाणी पूर्वेऐवजी पश्चिमेला सोडलं. तिथं पोफळीच्या बाजूला डोंगराच्या पोटात वीजघरं आहेत. पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडतं. पुढं कोळकेवाडीच्या छोट्या धरणात जमा होतं, तिथून आणखी शंभरेक मीटर पडून परत वीज करतं. मग वाशिष्ठी, मग दाभोळची खाडी, मग समुद्र. चारही टप्पे आणि पायथ्याचं वीजघर धरून क्षमता १९६० मेगावॅट. जलविद्युत म्हणून महाराष्ट्रात एवढं मोठं दुसरं काही नाही.

हे काम हलकं नाही, आणि मी त्याला नावं ठेवायला बसलेलो नाही. १९६०च्या दशकात मुंबई-पुण्याचे कारखाने ह्या विजेवर उभे राहिले. १९९९ला चौथ्या टप्प्यासाठी तलावाच्या तळाला खालून भोक पाडलं, ‘लेक टॅपिंग’ म्हणतात त्याला, ते भारतात पहिल्यांदा इथंच झालं. तशी माणसं आपल्याकडं होती याचा अभिमानच आहे.

पण किंमत कुणी दिली तेही माहीत पाहिजे. शिवसागर भरला तेव्हा पाटण-जावळीकडची गावं उठली. काही सोलापूर, सांगलीकडं आली, काही रायगड, ठाण्याकडं गेली. दाजींचे वडील, आम्ही तात्या म्हणतो, त्यातलेच. मांडवात बसल्या बसल्या त्यांना विचारलं तर म्हणाले, “आमच्या नव्या गावात लाईट आली तवा माझं लगीन होऊन पोरगं रांगत होतं.” एवढं बोलून सुपारी कातरायला लागले. आणि ११ डिसेंबर १९६७ची पहाट. भूकंप झाला, शेकड्याहून जास्त माणसं गेली. धरणात साठलेल्या पाण्यामुळं भूकंप होऊ शकतो का, याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही जगभर कोयनेचं नाव घेतात.

असो. मूळ मुद्द्यावर येतो. मुद्दा हिशोबाचा आहे.

कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादानं १९७६ला निवाडा दिला, त्यात कोयनेतून पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी धरलेलं आहे. भीमेच्या खोऱ्यातून टाटांच्या धरणांचं पाणी खोपोली, भिवपुरी, भिरा इथं कोकणात उतरतं. खोपोलीचं वीजघर १९१५चं, म्हणजे शंभरी कधीच ओलांडली. त्यातल्या मुळशीसाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता, ते शाळेत शिकलोय. ते पाणी वर्षाला सरासरी ४२ टीएमसीच्या आसपास. दोन्ही मिळून झाले ११० टीएमसी. म्हणजे दरसाल एक अख्खं भरलेलं कोयना धरण आपण सह्याद्रीवरून पश्चिमेला ओततो. ते परत येत नाही.

आता शेतकऱ्याच्या मापात बघू. आपण टीएमसीत विचार करत नाही, ‘एक पाणी’, ‘दोन पाणी’ असा करतो.

एक एकराला पाच सेंटिमीटर पाणी दिलं तर साधारण दोन लाख लिटर लागतं. मोकळ्या पाण्यानं ज्वारीला दिलेलं हे एक पाणी समजा. हेच दोन लाख लिटर पोफळीच्या बोगद्यातून सोडलं तर किती वीज होईल?

हिशोब सोपा आहे. हजार लिटर पाणी ३६७ मीटर खाली पडलं की त्यात एक युनिटाची ताकद असते. हे भौतिकशास्त्र, यात वाद नाही. पावणेपाचशे मीटरला सव्वा युनिटाच्या थोडं वर होतं. दहाएक टक्के घट धरा. कोळकेवाडीचं पाव युनिट त्यात मिळवा. सगळं मिळून हजार लिटरला साधारण १.४ युनिट. म्हणजे माझ्या एकराच्या एका पाण्याची वीज झाली २८० युनिट.

२८० युनिट म्हणजे किती? आमच्या शेजारच्या वस्तीवर पाच एचपीचा सौरपंप बसलाय. त्याच्या पाट्या उन्हाच्या दिवसाला वीसेक युनिट देतात. २८० भागिले २०. चौदा दिवस.

मंडळी, मी हा आकडा वहीत तीनदा करून बघितला, कुठं शून्य चुकलं असेल म्हणून. चुकलं नाही. एका सौरपंपाच्या पाट्या चौदा दिवसात जी वीज देतात, तेवढ्यासाठी आपण एक एकराचं एक पूर्ण पाणी समुद्रात सोडतो.

वीज दुसरीकडून करता येते. पाणी करता येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

आता दुसरी बाजू. ती नाही सांगितली तर मी पण त्या तक्त्यासारखाच अर्धं सांगणारा होईन.

पहिली गोष्ट, ऊन दुपारी असतं. राज्यात विजेची ओढ लागते संध्याकाळी सातला, सगळे घरी येतात तेव्हा. कोयनेचं मशीन काही मिनिटांत पूर्ण ताकदीला येतं. कोळशाच्या संचाला थंड असताना तापायला कित्येक तास लागतात. एखादा मोठा संच अचानक बंद पडला, तर अंधार होऊ नये म्हणून पाण्याचीच मशीन धावून येतात. तेव्हा संध्याकाळचं युनिट आणि दुपारचं युनिट एकाच तागडीत तोलता येत नाही. हे मला मान्य आहे.

दुसरी गोष्ट, पाणी पूर्वेला सोडलं म्हणजे लगेच माझ्या बागेत आलं असं नाही. ते कोयनेतून कृष्णेत येणार, कराडच्या खाली टेंभूला येणार, तिथून टप्प्याटप्प्यानं वर उचलावं लागणार. उचलण्याचा हिशोब तोच, फक्त उलटा. पंपाची घट धरली तर हजार लिटर अडीचशे मीटर चढवायला साधारण एक युनिट जातं. म्हणजे पश्चिमेला सोडलं तर हजार लिटरला १.४ युनिट मिळतं, आणि पूर्वेला आणून उचललं तर वर आणखी एक युनिट जातं. सरकारच्या वहीत हा दुहेरी खड्डा दिसतो. शिवाय कालव्यात, बंदिस्त नळीच्या गळतीत, मधल्या पंपवाल्यांत पाणी मुरतं. निम्मं शेतात पोचलं तरी नशीब समजायचं.

तिसरी गोष्ट, दाजींची नदी. त्या पाण्यावर आता कोकणातली गावं, नळयोजना, कारखाने उभे आहेत. साठ वर्षं वाहणारं पाणी एका दिवसात बंद करा म्हणणं म्हणजे एकाचा कोरडेपणा उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवणं. आमच्या बहिणीचा नळ कोरडा पाडून मला बाग नको.

हे सगळं मांडून पण माझा हिशोब सुटतो. बघा कसा.

एक टीएमसी म्हणजे २८३२ कोटी लिटर. ते पश्चिमेला सोडून वीज होते चार कोटी युनिटच्या आसपास. तेच पूर्वेला ठेवलं आणि उचललं तर वर आणखी पावणेतीन-तीन कोटी युनिट लागतील. एकूण भरून काढायचं सात कोटी. एक मेगावॅट सौर प्रकल्प वर्षाला साधारण पंधरा लाख युनिट देतो. म्हणजे ४६-४७ मेगावॅट लागले. मेगावॅटला चार-पाच एकर जागा धरा, दोन-सव्वादोनशे एकर माळ झाला. आमच्या तालुक्यात कुसळाशिवाय काही न उगवणारा एवढा माळ दोन-तीन गावांतच निघेल. आणि त्या एका टीएमसीत पाणी किती? एक लाख चाळीस हजार एकरांना एक-एक पाणी. निम्मं वाटेत गेलं तरी सत्तर हजार एकर.

दोनशे एकर कुसळाच्या बदल्यात सत्तर हजार एकरांना एक पाणी. ज्यानं मे महिन्यात बाग वाचवायची धडपड केलीय त्याला एका पाण्याचा अर्थ सांगायला नको.

राहिला संध्याकाळचा प्रश्न. त्यालाही पाण्याचंच उत्तर आहे, फक्त पाणी समुद्रात न सोडता. घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प पंधरा-सोळा वर्षांहून जास्त काळ उभा आहे. वर एक तलाव, खाली एक तलाव. वीज स्वस्त असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, वीज महाग असते तेव्हा वरचं खाली सोडायचं. तेच पाणी परत परत. उदंचन म्हणतात त्याला. चढवायला चार युनिट घातले तर उतरताना तीन मिळतात. म्हणजे ही वीज तयार करायची जागा नाही, साठवायची आहे. आपल्या शेततळ्यासारखी. शेततळं पाणी निर्माण करत नाही, पण गरजेला उपयोगी पडतं.

आता सह्याद्रीभर अशा प्रकल्पांचे करार झालेत. भिवपुरीला १००० मेगावॅट, शिरवत्याला १८०० मेगावॅट. आपल्या साताऱ्यात तारळीचं नाव घेतात. माझा याला विरोध नाही. दुपारी सूर्य, संध्याकाळी हे तलाव, आणि कोयनेचं पश्चिमेचं पाणी फक्त अडीनडीला, असा क्रम लागला तर शेतकऱ्याचं भलंच आहे. दिवसा शेतीला वीज मिळाली तर रात्री बॅटरी घेऊन बांधावर जायचं बंद होईल. आमच्या भावकीतल्या एकाला तीन वर्षांपूर्वी रात्रपाळीच्या विजेत बारं धरताना घोणस चावली. वाचला, पण पाय अजून ओढतो. दिवसाची वीज ही सोय नाही मंडळी, जीव आहे.

पण करारात काय लिहिलंय ते गावानं वाचलं पाहिजे. पहिल्यांदा तलाव भरायला पाणी कुठल्या धरणातून घेणार? दरवर्षी बाष्पीभवनानं उडालेलं कुठून भरून काढणार? दुष्काळी सालात आधी कोण, तलाव की आवर्तन? वरचा तलाव कुणाच्या गायरानात, कुणाच्या जंगलात? ‘तेच पाणी परत परत’ हे खरं, पण पहिलं पाणी कुणाचं तरी असतंच. कोयनेच्या वेळी हे प्रश्न विचारायला कुणी नव्हतं, म्हणून तात्या आज चिपळूणच्या मांडवात सुपारी कातरतायत.

आता त्या तक्त्यातले बाकीचे दोन रकाने. ते पण मी याच फेरीत डोळ्यानं बघून आलो.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दाजी दाभोळच्या खाडीवर घेऊन गेले. भरतीला पाणी चढलेलं, होड्या वर आलेल्या. मी म्हटलं, “दाजी, एवढं पाणी रोज दोनदा चढतंय-उतरतंय, ह्याची वीज का करत नाहीत?” नंतर वाचून काढलं. आपल्या कोकणात खाली भरती-ओहोटीतला फरक दोन-अडीच मीटर. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखावर १९६६पासून २४० मेगावॅटचं केंद्र चालतंय, तिथं सरासरी फरक आठ मीटर. आणि ही वीज फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फरक चौपट झाला तर तेवढ्याच तलावातून वीज सोळापट. म्हणून दाभोळला जमत नाही आणि खंभातच्या आखातात जमेल असं म्हणतात. तिथं ७००० मेगावॅटचा अंदाज सांगितला जातो, कच्छच्या आखातात १२००चा. कच्छात ५० मेगावॅटचा प्रकल्प जाहीर पण झाला होता, उभा राहिला नाही. खारं पाणी, गाळ, गंज आणि खर्च. कोरियात सिहवाला मात्र २०११पासून २५४ मेगावॅट चालू आहे, कारण तिथं बंधारा आधीच बांधलेला होता.

येताना महामार्गावर तुरळचे गरम पाण्याचे झरे बघितले. पाय घातला आणि लगेच काढला. कोकणात असे झरे ठिकठिकाणी आहेत. उन्हवरे, आरवली, राजापूर, इकडं ठाण्याकडं वज्रेश्वरी. पाणी चाळीसपासून सत्तर अंशांपर्यंत. इटलीत लार्देरेल्लोला जमिनीतून वाफच येते. तिथं १९०४ला त्या वाफेवर दिवे पेटवले, १९१३ला वीजकेंद्र झालं. आपल्याकडं लडाखच्या पुगा खोऱ्यात एक मेगावॅटच्या प्रयोगासाठी २०२१ला करार झाला. सत्तर अंशांच्या पाण्यावर वीज होतच नाही असं नाही. अलास्कात चेना नावाच्या ठिकाणी ७४ अंशांच्या पाण्यावर करतात. पण तिथं थंड करायला बर्फाळ पाणी दारात आहे. कोकणात थंड पाणीच अठ्ठावीस अंशांचं, फरक उरतो कितीसा? तुरळला वीज करण्यापेक्षा त्या उष्णतेवर आमसुलं वाळवा, आंबापोळी वाळवा, मासळी वाळवा. लाकूड वाचेल आणि पावसाळी हवेत माल खराब होणार नाही. वीज म्हणजेच ऊर्जा असं थोडंच आहे?

पण खरी गोष्ट मला खाडीवर उभं असताना सुचली ती अशी. भरतीच्या पाण्यावर माझा हक्क नाही आणि मला ते नकोच आहे, डाळिंबाला खारं पाणी घालता येत नाही. तुरळच्या वाफेवरही माझं पीक येत नाही. तक्त्यावरच्या तीन रकान्यांत नदीचं पाणी हे एकच असं आहे की ज्याला वीजवाला पण मागतो, शेतकरी पण मागतो, आणि नळाची बाई पण मागते. म्हणून बाकीच्या दोनांचा हिशोब रुपयांत आणि युनिटांत संपतो. जलविद्युतचा संपत नाही. तिथं ‘नवीकरणीय’ हा शब्द लिहून सुटका होत नाही. पाऊस दरसाल नव्यानं पडतो हे खरं, पण यंदाचं पाणी यंदा कुणाला, हे दरसाल नव्यानंच भांडावं लागतं.

तर मंडळी, मागणं काय?

एक. कोयनेतून रोज पश्चिमेला किती पाणी सोडलं, कुठल्या तासाला सोडलं आणि त्याची किती युनिट झाली, हे रोज लोकांना सोप्या मराठीत कळावं. पावसाळ्यात धरणसाठ्याची टक्केवारी आपण मोबाईलवर बघतोच. तशीच ही पण दिसू दे. दुपारी ऊन कडक असताना पश्चिमेचं मशीन चालू असेल तर का, हे विचारता आलं पाहिजे.

दोन. एकदम ६७.५ टीएमसीवर बोट ठेवू नका. एक टीएमसीपासून सुरू करा. जेवढी सौर आणि साठवणीची वीज राज्यात वाढेल, तेवढं पश्चिमेचं पाणी टप्प्यानं कमी करून पूर्वेला राखा. दुष्काळी सालात अशी कपात होतेच, पण ती संकट आल्यावर होते. ती आधीच ठरलेली असू दे, म्हणजे शेतकऱ्याला ऑक्टोबरात बहार धरावा की नाही ते कळेल. लवादाचा आकडा ही वरची मर्यादा आहे. तेवढं पाणी सोडलंच पाहिजे असा नियम नाही.

तीन. वाशिष्ठीला उन्हाळ्यात किमान किती पाणी लागतं ते आधी मोजा आणि बाजूला ठेवा. चिपळूणकरांना विचारून ठेवा.

चार. उपसा योजनांचे पंप जमेल तेवढे दिवसा, सौर विजेवर चालवा. आज योजनेचं वीजबिल थकलं की आवर्तन लांबतं आणि पाणीपट्टी भरणारा पण लटकतो. आमच्याकडं हे दर दोन-तीन वर्षांनी होतं.

पाच, आणि हे आपल्यासाठी. पूर्वेला पाणी मागायचं आणि आल्यावर पाटानं उसाला सोडायचं, हे चालणार नाही. माझ्या हिशोबात एक पाणी म्हणजे दोन लाख लिटर होतं. ठिबकवर डाळिंबाचा एक एकर तेवढ्यात दहा-बारा दिवस जातो. पाणी मागणाऱ्याची वही पण स्वच्छ पाहिजे. नाहीतर वीजवाला म्हणेल, तुमच्यापेक्षा समुद्र बरा.

आता बागेचं सांगतो. तो अर्धा एकर गेला. जूनमध्ये पाऊस आला तोवर झाडं वाळली होती. १६० झाडं मुळासकट काढली, त्यातली निम्मी मी आणि बायकोनं मिळून लावलेली. तिला तेव्हाच सगळं कळलं होतं, फक्त बोलली नव्हती. त्या तुकड्यात आता मटकी आहे, बरी आलीय. उरलेल्या दीड एकराचा बहार धरलाय.

आणि त्या पोरांना मी फोन केला. म्हटलं, तक्ता चांगला आहे, काढू नका. फक्त जलविद्युतच्या खाली एक ओळ वाढवा: ‘पाणी खर्च होत नाही, पण ते पुढं कुठं जातं ते विचारा.’ पुढच्या रविवारी दोघं येऊन ती ओळ निळ्या स्केचपेननं लिहून गेले. आमच्या सरपंचांनी ती वाचली आणि म्हणाले, ग्रामसभेत हाच विषय घेऊ.

घेतला तर कळवतो. तोवर तुमच्या भागातलं सांगा: दिवसाची वीज किती तास येते, आवर्तन कधी आलं होतं आणि उन्हाळ्यात तुमची किती झाडं गेली. आकडे असतील तर आकडे द्या, वहीत मांडतो.